वेबसाइटच्या ओटीवर

आमच्या सरांना वेबसाइट म्हणजे घराची ओटी वाटायची. डहाणूच्या किनाऱ्याकडच्या वाडीवाल्यांच्या घरी ओटीवर कोणी आलं की आधी पाणी आणि पाण्यामागोमाग प्रश्न. कोण, कुठले, कोणाचे, काय काम काढलंत? एवढं विचारलं नाही तर आलेल्यालाच चुकल्यासारखं होतं, कारण न विचारणं म्हणजे त्याला मोजलं नाही असा अर्थ. माझं माहेर आणि सासर दोन्ही असल्याच चिकूच्या वाड्यांतलं, तेव्हा ही चौकशी मी लहानपणापासून ऐकत आले आणि पुढे स्वतःही मनापासून करत आले. पण ओटीवर विचारणं वेगळं आणि विचारलेलं सगळं तालुकाभर दवंडी पिटून सांगणं वेगळं. हे सरांना पटवायला मला एक उपद्व्याप करावा लागला. तो केल्याचा मला आजही काडीचा पश्चात्ताप नाही.

सर म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. राहायला डहाणूत, पण नोकरीचा सगळा काळ तलासरीच्या पाड्यांवरच्या शाळांत काढलेला, म्हणून संस्थाही त्यांनी तलासरीतच काढली. एस.टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या होत्या. त्या सरांचा जुना विद्यार्थी असलेल्या एका माजी सरपंचांच्या. भाडं ते घेत नसत. आम्ही आरोग्याचा सल्ला द्यायचो. डॉक्टर आमच्यात कोणी नव्हता. कुठल्या आजाराला कुठे जायचं, कसली तपासणी करायची, कागद काय न्यायचा एवढं सांगायचो आणि एकट्याने जायची भीती वाटत असेल तर सोबत जायचो. मी तिथे पडेल ते काम करायचे. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करता येणारी मी एकटीच, त्यामुळे पुढे वेबसाइट आली तीही माझ्याच गळ्यात पडली.

वेबसाइट करून दिली डहाणू रोडला कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एका गृहस्थांनी, पण तिच्यात काय असावं ते सर्वस्वी सरांनी ठरवलं. आत आलेल्याने आधी एक फॉर्म भरायचा. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पाडा, गाव, फोन. मग विषय निवडायचा: व्यसनमुक्ती, क्षयरोग, सिकलसेल, बाळंतपण, असे पाचसहा होते. शेवटी आपला प्रश्न लिहायचा. प्रश्न फक्त मला दिसायचा. पण नाव, पाडा आणि विषय आपोआप दुसऱ्या एका पानावर जाऊन बसायचे. त्या पानाचं नाव सरांनी ठेवलं होतं ‘आमच्याकडे येऊन गेलेले’. सगळ्यात नवा पाहुणा सगळ्यात वर.

“सर, हे कशाला?” मी तेव्हाच विचारलं होतं.

“आल्यागेल्याचं नाव घ्यायला नको?” सर म्हणाले. “सप्त्याला कोणी एक नारळ दिला तरी आपण माइकवरून त्याचं नाव पुकारतो. इथे तर माणूस विश्वासाने आपल्या दारी आला.”

यावर मी गप्प बसले, कारण पहिली एकदोन वर्षं त्या दारी येतच कोणी नव्हतं. येऊन गेलेल्यांत सरांचे जावई, क्लासवाल्यांची बायको आणि मी स्वतः एवढीच नावं होती. मग फोनवरचं इंटरनेट एकाएकी स्वस्त झालं, पाड्यापाड्यांवर मोठ्या स्क्रीनचे फोन आले आणि सर व्हॉट्सअ‍ॅपवर आले. जुन्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक ग्रुपवर ते रोज सकाळी एक सुविचार टाकायचे आणि खाली त्या पानाची लिंक. सुविचार कोणी वाचत नसे. लिंक मात्र सगळे उघडायचे, कारण आपल्याकडे दुसऱ्याच्या दुखण्यात जेवढा रस असतो तेवढा स्वतःच्या औषधात नसतो.

दोन हजार सतरा साल असावं. सोमवारची सकाळ होती. मी एस.टी.तून उतरून ऑफिस उघडलं, कॉम्प्युटर लावला आणि पानावर सगळ्यात वर एका मुलीचं नाव दिसलं. पुढे तिचा पाडा, त्यापुढे ‘सिकलसेल’. तिचा प्रश्न मी उघडून वाचला. उंबरगावच्या एका कंपनीत ती पॅकिंगला जात होती. तिथल्या तपासणीत ती सिकलसेलची वाहक निघाली होती, आणि इकडे तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा तिला आवडला होता. शेवटी तिने लिहिलं होतं, ‘हे मला त्याला माझ्या तोंडाने सांगायचं आहे. कसं सांगू ते सांगा. तोपर्यंत कोणाला कळायला नको.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सिकलसेल हा रक्ताचा आजार, आईबापांकडून येणारा. आमच्या भागात तो आहे आणि त्याबद्दलचे गैरसमज त्याहून जास्त आहेत. वाहक माणूस आजारी नसतो. चारचौघांसारखा जगतो, राबतो. फक्त नवराबायको दोघंही वाहक असले तर होणाऱ्या मुलाला तो आजार होऊ शकतो, म्हणून लग्नाआधी दोघांनी तपासून घ्यावं. एवढीच गोष्ट. पण पाड्यावर ‘वाहक’ हा शब्द पोचेपर्यंत ‘रोगी’ होतो, आणि रोगी फक्त मुलगीच असते. त्या मुलीने नेमकं हेच टाळायला आमच्याकडे धाव घेतली होती, आणि आम्ही तिला माइकवरून पुकारलं होतं.

मी क्लासवाल्यांना फोन लावला. “ते पान आत्ताच्या आत्ता काढा.”

“ताई, सरांचं पान आहे ते. सर बोलले की पाच मिनिटांत काढतो,” ते म्हणाले.

सर आले ते अकराच्या गाडीने. मी त्यांना सगळं सांगितलं. नाव त्यांनी सकाळीच वाचलं होतं आणि लिंकही पाठवून झाली होती. त्यांना त्यात काही वावगं दिसेना.

“तिचा प्रश्न कुठे दिसतोय? नुसतं नाव आणि विषय,” ते म्हणाले.

“सर, पाड्यावरच्या माणसाला तेवढं पुरे आहे.”

“आपण चांगल्या मनाने छापतो. रविवारी कमिटीची मीटिंग आहे, तिथे विषय घेऊ.”

रविवारपर्यंत सहा सुविचार आणि सहा वेळा लिंक. मी हात जोडले, चढ्या आवाजात बोलले, मग आणखी चढ्या आवाजात बोलले. मुख्याध्यापकासमोर आवाज चढवून काही होत नसतं. आयुष्यभर त्यांनी तेच ऐकलेलं असतं. म्हणून मी खाली बसले आणि अगदी गोड आवाजात विचारलं, “सर, त्या पानावर तुमचं स्वतःचं नाव आलं तर चालेल ना?”

“माझं? मी तर घरचाच. पण टाक. अध्यक्षसुद्धा वेबसाइट बघतात हे लोकांना कळू दे.”

मी फॉर्म उघडला. सरांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं बिनचूक भरलं. विषयात ‘व्यसनमुक्ती’ निवडलं आणि बटण दाबलं.

“झालं,” मी म्हटलं. “आता ग्रुपवर पाठवा.”

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पान न उघडताच लिंक सगळ्या ग्रुपना धाडून दिली. वर ‘अवश्य पाहावे’ असंही लिहिलं.

पहिला फोन सरांच्या व्याह्यांचा. सरांचा फोन नेहमीच स्पीकरवर असायचा, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. “काय हो, लग्नात तर नुसतं कोकम सरबत पीत होतात. हे कधीपासून?” सरांना काही उमगेना. तो फोन ठेवतात न ठेवतात तोच डहाणूच्या चिकूच्या व्यापाऱ्याचा आला. “मास्तर, तबियत बरोबर छे ने? कोणी काय पण बोलेल, आपण मनावर नाय घ्यायचा. माझा साळा पण सुटला. तुम्ही पण सुटशो.” मग एक जुना विद्यार्थी, आवाज भरून आलेला. “सर, तुम्हीच आम्हाला ताडीच्या झाडाखालून कान धरून आणत होतात ना सर?” शेवटी घरून सरांच्या बायकोचा फोन आला आणि सरांनी पहिल्यांदाच स्पीकर बंद केला. “नाही गं... अगं नाही... मी चहासुद्धा बिनसाखरेचा पितो, तुला माहीत नाही?... कोण आलंय?... शेजारचे? सगळे?”

फोन ठेवून ते माझ्या टेबलाशी आले आणि स्क्रीनवर वाकले. आपलं नाव आणि पुढचा शब्द त्यांनी नीट वाचला.

“हे तू केलंस.”

“हो सर.”

“माझ्यासमोर बसून केलंस.”

“तुम्हीच टाक म्हणालात. मन माझंही चांगलंच होतं.”

नोकरी गेली असं मी धरून चालले होते, आणि खरं सांगते, तरीही मला मनातून उकळ्या फुटत होत्या. सर खुर्चीत बसले. फोन पुन्हा वाजू लागला, त्यांनी उचलला नाही. बराच वेळ ते खिडकीबाहेर स्टँडकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “त्या मुलीला कितींनी विचारलं असेल गं?”

त्या एका वाक्यासाठी मी सरांचे आधीचे आणि नंतरचे सगळे हट्ट माफ करून टाकले. त्यांनी स्वतः क्लासवाल्यांना फोन लावला आणि पान काढायला सांगितलं. पाच मिनिटांत ते पान गेलं. पण सकाळपासून ज्यांनी पाहिलं त्यांच्या डोळ्यांतून ते कसं काढणार? मी मुलीला फोन केला. कंपनीत तिची जेवणाची सुट्टी चालू होती, मागे मशिनचा आवाज येत होता.

“ताई, मी तुम्हाला विचारलं होतं,” ती म्हणाली. “गावाला नाय.”

मी माफी मागितली. तिने ती घेतली नाही. नुसतं “बरं” म्हणाली. पण फोन ठेवण्याआधी विचारलं, “कसं सांगायचं ते तरी सांगाल ना?” मग तिची सुट्टी संपेपर्यंत मी तिला सांगत राहिले. काय म्हणायचं, कुठल्या शब्दाने सुरुवात करायची, ‘रोग’ हा शब्द का वापरायचा नाही आणि रडू आलं तर येऊ द्यायचं पण बोलणं अर्धवट सोडायचं नाही.

त्या आठवड्यात आम्ही वेबसाइट पार उसवून काढली. क्लासवाले स्वतः तलासरीला आले आणि येताना कुठल्यातरी मोठ्या संस्थेच्या वेबसाइटवरून उतरवलेला, आलेल्यांच्या माहितीचं काय करतात ते सांगणारा लांबलचक इंग्रजी मजकूर घेऊन आले. सगळे हाच लावतात, म्हणाले. सर शाळेत इंग्रजीही शिकवायचे. त्यांनी लाल पेन काढलं आणि दुसऱ्याच परिच्छेदाशी अडले.

“इथे म्हणतात, आपली माहिती आम्ही आमच्या भागीदारांना देऊ शकतो. आपले भागीदार कोण?”

“तसं असंच लिहायचं असतं सर,” क्लासवाले म्हणाले.

“आपल्याला भागीदार नाहीत. खाली एक चहावाला आहे, त्याला मी काही देणार नाही.” सरांनी ते आठही कागद परत केले. “आपण आपलं लिहू.”

मग सर आणि मी समोरासमोर बसून लिहायला लागलो. फॉर्ममधून आधी वडिलांचं आणि नवऱ्याचं नाव काढलं. पाडा काढताना सरांचा जीव जरा तुटला. माणूस कुठला हे न विचारता त्याच्याशी बोलायचं कसं, असा त्यांचा खरोखरचा प्रश्न होता. “दुखतं कुठे ते विचारा,” मी म्हटलं. मग पाडा आणि गाव दोन्ही गेली. वेबसाइट कोण, कुठल्या फोनवरून, किती वेळ बघतं हेही दिसायची सोय होती, असं क्लासवाल्यांनी सांगितलं. आम्ही कधी ती उघडलीच नव्हती. तीही बंद करून टाकली. ते बिचारे हैराण झाले. “ताई, जगात सगळे माहिती गोळा करतात आणि तुम्ही पुसत सुटलात,” असं म्हणत त्यांनी ते केलं.

शनिवारी दुपारी ती मुलगी ऑफिसात आली. पहिली पाळी करून थेट आली होती. अंगात कंपनीचा निळा शर्ट आणि डोक्याला रुमाल. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. बारीक, सावळी, आणि बोलायला लागली की समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. सर उठून उभे राहिले. “मुली, चूक माझी आहे,” म्हणाले. एवढे मोठे सर आपल्यासाठी उठले म्हणून ती गांगरली, आणि त्या गडबडीत का होईना, माफी तिने घेतली. मी तिला पाणी दिलं आणि आम्ही लिहिलेला मजकूर तिच्यापुढे ठेवला. जिच्यामुळे लिहिला तिनेच आधी वाचावा, असं सरांचं म्हणणं होतं.

तिने तो बोट फिरवत हळूहळू वाचला. तुम्ही लिहाल ते फक्त उत्तर देणारा वाचेल. नाव लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा. उत्तर देऊन झालं की तुमचा प्रश्न आणि फोन आम्ही पुसून टाकतो. आवश्यक असल्याशिवाय तुमची माहिती कोणालाही दिली जाणार नाही.

“आवश्यक कोणाला?” तिने विचारलं.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. ते वाक्य सरांचं होतं आणि मला ते फार भारदस्त वाटलं होतं.

“उद्या तुम्हाला वाटेल की आवश्यक आहे,” ती म्हणाली. “त्या दिवशी पण वाटलंच होतं ना?”

सरांनी लाल पेनने स्वतःच्या वाक्यावर काट मारली. त्याजागी लिहिलं, ‘तुम्हाला विचारल्याशिवाय कोणालाही काहीही सांगणार नाही. घरच्यांनाही नाही.’ मुलगी म्हणाली, आता बरोबर. ते टाइप करायला मी कॉम्प्युटरकडे वळले. ती माझ्याशेजारी स्टुलावर, दाराकडे पाठ करून बसली.

तेवढ्यात खोल्यांचे मालक आले, ते माजी सरपंच. सरांच्या पाया पडले, समोर बसले. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग म्हणाले, “सर, एक काम होतं. माझ्या भाच्याची सोयरीक लागते. मुलीचं नाव तुमच्या त्या वेबसाइटवर आलेलं. मी स्वतः बघितलं. आता गायब आहे. ती काय लिहिते ते मना दाखवा.”

माझी बोटं की-बोर्डवर होती तिथेच थांबली. शेजारी मुलीचा श्वास मला ऐकू येत होता. हा मनुष्य मुलाचा मामा आहे हे मला माहीत नव्हतं, सरांनाही नव्हतं. कंपनीच्या शर्टातल्या पाठमोऱ्या मुलीला त्यानेही ओळखलं नव्हतं.

“ते दाखवता येणार नाही,” सर म्हणाले.

“सर, मी तुमचा विद्यार्थी. तुम्ही मना पाढे शिकवले. खोटं नाय सांगणार तुम्ही.”

“खोटं नाही सांगणार. काहीच नाही सांगणार.”

“म्हणजे काहीतरी आहे.”

“उद्या तू माझ्याकडे तुझं दुखणं घेऊन आलास आणि परवा तुझा भाऊ विचारायला आला, तर त्यालाही मी असाच परत पाठवीन. मग त्यानेही समजावं का, की काहीतरी आहे?”

मामांनी छताकडे, भिंतींकडे नजर फिरवली. “सर, खोल्या माझ्या आहेत,” ते हळूच म्हणाले.

“तुझ्याच आहेत. महिनाअखेर रिकाम्या करून देतो,” सर म्हणाले. “कपाटं उतरवायला दोन माणसं मात्र तुलाच द्यावी लागतील. माझी कंबर गेलीय.”

आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली, सरांचीच शेकड्यांनी ऐकली. पण त्या कमरेच्या वाक्याइतकं मोठं भाषण मी ऐकलेलं नाही. मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ज्या माणसाने सोमवारी ती लिंक गावभर पाठवली होती तोच शनिवारी छप्पर सोडायला तयार होऊन बसला होता, आणि आवाजही चढवला नव्हता.

आणि मग माझ्या शेजारचं स्टूल सरकलं. मुलगी उठली, वळली, डोक्याचा रुमाल काढून तिने हातात घेतला.

“मामा, मी आहे ती. मलाच विचारा.”

मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि ओळख पटताच खुर्चीतून अर्धे उठले. बघायला गेले तेव्हा ती साडीत होती.

“मी सिकलसेलची वाहक आहे,” ती म्हणाली. आवाज पहिल्या शब्दाला कापला, नंतर नाही. “आजारी नाय. कामाला जाते, ओव्हरटाइम पण करते. पण तुमचा भाचा पण वाहक असला तर आमच्या पोराला त्रास होऊ शकतो. म्हणून त्याने पण रक्त तपासायचं.”

“त्याने पण?” मामा म्हणाले. “तो तर धडधाकट आहे.”

“मग मी काय दिसते?”

मला हसू आवरेना, मी तोंड कॉम्प्युटरकडे फिरवलं.

“आणि हे त्याला माहीत आहे का?” मामांनी विचारलं.

“बुधवारी सांगितलं मी त्याला. ताईंनी शिकवलं तसंच सांगितलं.” मला हे तिने आल्यापासून सांगितलंच नव्हतं. “तो म्हणाला, मी पण तपासून घेतो. तुम्हाला नाय बोलला का?”

“नाय.”

“मग माणूस चांगला आहे,” ती म्हणाली आणि त्या दुपारी पहिल्यांदाच हसली. “मी त्याला बोलले होते, कोणाला सांगू नको.”

एका ओळीच्या बातमीने जे तिच्या तोंडचं हिसकावून घेतलं होतं ते तिने त्या खोलीत उभं राहून परत घेतलं. ज्याला आधी सांगायचं होतं त्याला आधी, ज्याला नंतर त्याला नंतर, आणि स्वतःच्या शब्दांत. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. सर चष्मा पुसत होते.

मामा सरळ मनाचे निघाले, एवढं श्रेय मी त्यांना द्यायलाच हवं. त्यांनी मुलीला बसायला सांगितलं, मग स्वतः बसले आणि विचारलं, तपासणी कुठे होते? सरांनी सांगितलं. मग विचारलं, मोठ्या माणसांची पण करतात काय? घरात दोन मुली आहेत, लग्नाच्या. मी त्यांना वेळ, जागा, कागद सगळं समजावलं. खालून चहा आला. खोल्यांचा विषय त्या दिवशी निघाला नाही आणि पुढेही कधी निघाला नाही. कपाटं उतरवायला मागितलेली ती दोन माणसं मामांनी पावसाळ्याआधी खरंच पाठवली, पण पत्रे दुरुस्त करायला.

पुढची दोन वर्षं त्या वेबसाइटने मला सुख दिलं. ‘येऊन गेलेले’ पान काढल्यावर खऱ्या अर्थाने लोक यायला लागले. दारू सुटत नाही म्हणून लिहिणारे पुरुष आले, क्षयाचं औषध अर्धवट सोडलेले आले, सासरी बोलता येत नाही असलं काय काय बायकांनी लिहिलं. कित्येकांनी नाव लिहिलं नाही. एकाने तर सुरुवातच केली, ‘मी कोण ते सांगणार नाही.’ आधीचे सर यावर दिवसभर फुगून बसले असते. या सरांनी मला हाक मारून ते वाचून दाखवलं. “बघ, नाही सांगितलं त्याने!” म्हणाले, पोराचा पहिला नंबर आल्यासारखे. मुंबईहून मदत द्यायला आलेल्या एका साहेबांनी वेबसाइटवर येणाऱ्या लोकांची नावं, गावं मागितली तेव्हा सर म्हणाले, आम्ही ठेवत नाही. साहेबांनी विचारलं, मग काम होतं हे आम्हाला कळणार कसं? सरांनी त्यांना एक दिवस ऑफिसात बसायचं आमंत्रण दिलं. ते बसले, आणि मदतही दिली.

त्या मुलीचं लग्न झालं. मी गेले होते, सरही होते, मामा तर सगळीकडेच होते. ती आता उंबरगावलाच राहते, नवराही त्याच बाजूला नोकरीला आहे.

हे लिहायला बसण्याआधी मी तिला फोन केला आणि विचारलं, तुझी गोष्ट लिहू का? “माझं सगळं लिहा,” ती म्हणाली. “मामांच्या समोर बोलले, आता कोणाला भिऊ?” मग तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला. त्यालाही मी विचारलं, तुमच्या तपासणीत काय निघालं ते लिहिलं तर चालेल का? तो म्हणाला, “नको ताई.”

बरं, म्हटलं. त्याचा रिपोर्ट काय आला ते मला माहीत आहे. तुम्हाला सांगणार नाही.